आईच्या हातातली फणी

सुधाकर गेल्याची बातमी मला एका जाहिरातीतून कळली. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसले होते, तेव्हा पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी पुढं ढकललेलं चित्र फोनवर आलं. काळ्या रंगावर माझ्या भावाचा चेहरा. आयुष्यात कधी टाय न लावलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर कोट-टाय चढवलेला. बाजूला पणती. 'आमचे लाडके हार्टवाले सर अनंतात विलीन' आणि त्याच्याच खाली पिवळ्या ठळक अक्षरांत 'रिपीटर बॅचचे प्रवेश सुरू'. तोंडातला घास गिळवेना आणि थुंकताही येईना... कावीळ पोटात उतरली म्हणून सुधाकर लातूरच्या दवाखान्यात होता आणि धाकटा प्रकाश त्याच्याजवळ. प्रकाशचा फोन नंतर आला. "अक्का, तू घरी हायस का शाळेत?" एवढंच विचारून तो थांबला. मला कसं सांगावं, म्हणून बिचारा दवाखान्याच्या जिन्यात शब्द जुळवत उभा होता. "कळलं मला," मी म्हणाले. "कुणी सांगितलं?" मी डब्याचं झाकण लावलं. ज्या क्लासचं नाव त्या पणतीखाली होतं, तिथली नोकरी सुधाकरनं कधीच सोडली होती, आणि तीही किळस येऊन.

दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं, असा रिवाज आहे. मला अजून रडू कमी येतं आणि शिसारी जास्त. सुधाकरला हे आवडलं असतं. खोटं पाहिलं की त्याच्या पोटात खरोखर ढवळायचं. "अक्का, मळमळतंय गं मला हे बघून," म्हणायचा, आणि म्हणताना नाकाचा शेंडा वर ओढायचा. ही सवय त्याला कुठं लागली ते मला नेमकं माहीत आहे, कारण तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी होते.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. वडील लवकर गेले. आई गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. भूकंपाच्या वर्षी गणपतीसाठी आम्ही तिघं मामाकडे बिलोलीला गेलो होतो. आई मागं राहिली, कारण सणाची शिवण द्यायची होती. मामा आम्हाला घेऊन परत पोचला तेव्हा गावाच्या जागी दगडमातीचे ढीग होते, आणि आईला इतरांबरोबर अग्नी देऊनही झाला होता. आम्हाला तिचं तोंड दिसलं नाही. तिचा एकुलता एक फोटो भिंतीवर होता, तोही भिंतीबरोबर गेला. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो त्या दिवसांत मदतीचे ट्रक यायचे. चांगली माणसंही पुष्कळ आली, नाही असं नाही. पण गाठोडी सोडली की त्यातून घामाचे डाग पडलेले सदरे निघायचे, फाटके आतले कपडे, एकाच पायाचा बूट. आमच्या अंगावर कुणीतरी आपला उकिरडा ओतला, असं वाटायचं. एक दिवस गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस आला. आठ वर्षांच्या प्रकाशला त्यानं ढिगाऱ्यावर बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि म्हणाला, "अजून खायचं नाही हां बाळा, आधी फोटो होऊ दे. जरा आईची आठवण काढ." प्रकाश पुड्याकडे बघत बसला. सुधाकर बाराचा होता. त्यानं जाऊन तो पुडा हिसकला आणि त्या माणसाच्या पायाशी आपटला. मग शेडच्या मागं जाऊन उलटी केली.

त्याच संध्याकाळी त्यानं चुलीतला कोळसा घेऊन शेडच्या पत्र्यावर आईचा चेहरा काढला. "पक्क्या विसरून जाईल," एवढंच म्हणाला. चेहरा काही जमला नाही. पण शिवताना ओठांत टाचण्या धरून आई बोलायची, तो दाबलेला ओठ मात्र हुबेहूब होता. प्रकाशनं बोट ठेवून सांगितलं, "हितं तीळ होता." सुधाकरनं तीळ काढला. मी म्हणाले, तीळ खाली होता, हनुवटीवर. मग आमचं कडाकडा भांडण झालं... आई गेल्यानंतर आम्ही तिघं पहिल्यांदा मोठ्यानं बोललो ते तेव्हा.

पुढं मला मामानं बिलोलीला नेलं. दोघं भाऊ लातूरला वसतिगृहात राहिले. सुधाकरची पोस्टकार्डं यायची, त्यावर मजकूर नसायचा, नुसतं चित्र. शिलाई मशीनच्या पायट्यावर झोपलेलं मांजर. पंगतीत दुसऱ्यांदा बसायला निघालेला प्रकाश. मी चुका काढून उलट कार्ड पाठवायची, त्यावर त्याचं पुन्हा चित्र यायचं. शिकून मी नांदेडला शिक्षिका झाले, प्रकाशनं धर्माबादला मिरचीची आडत टाकली, हातात फोन आले, तरी हे थांबलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी सुधाकर एक चित्र काढून तिघांच्या ग्रुपवर टाकायचा, आणि आम्ही दोघं त्यावर तुटून पडायचो. 'मशीन खिडकीखाली न्हवती.' 'होती. तू दुपारी झोपायचास, तुला काय माहीत.' आमचं घर आम्ही असं रोज थोडं थोडं बांधत होतो. त्याची बायको रेखा हसायची, म्हणायची, "तुम्ही तिघं मेलेल्या घरात भाड्यानं राहता."

लातुरात तेव्हा क्लासची लाट आली होती. ज्या जिल्ह्यात आम्ही ढिगाऱ्यावर बसलो होतो तिथं आता चौकाचौकात पोरांचे चेहरे टांगलेले, चेहऱ्याखाली मार्क. सुधाकर चित्रकलेचा शिक्षक, पण फळ्यावर खडूनं हृदय असं काढायचा की ते आता धडधडेल असं वाटावं, म्हणून एका मोठ्या क्लासनं त्याला जीवशास्त्राच्या आकृत्या काढायला घेतलं. तो 'हार्टवाले सर' झाला. पोरांवर त्याचा जीव होता. एकेका खोलीत कोंबलेली, मेसच्या आंबट वरणावर जगणारी, डोळ्यांखाली काळं झालेली ही पोरं त्याला शेडमधल्या आमच्यासारखीच वाटायची.

एका सकाळी तो क्लासला निघाला आणि चौकातल्या फ्लेक्सवर त्याला आई दिसली. त्याचंच चित्र होतं. मूळ चित्रात आई उंबऱ्यात बसून फणीनं माझ्या डोक्यातल्या उवा काढते आहे आणि मी तोंड वेंगाडून बसले आहे. ते त्यानं क्लासच्या टेबलावर पूर्ण केलं होतं, तिथून कुणीतरी फोटो काढून घेतला. फ्लेक्सवर आईच्या हातातली फणी पुसून टाकलेली होती. माझ्या मांडीवर जाडजूड पुस्तक आलं होतं आणि माझं वेंगाडलेलं तोंड सरळ करून त्यावर हसू चिकटवलं होतं. वर लिहिलं होतं, 'आईच्या कष्टाचं चीज करा.' तो संचालकांकडे गेला. संचालक म्हणाले, "काय सर तुम्ही बी! आई सगळ्यांचीच सारखी असते की. उलट मातोश्रींचं नाव झालं." सुधाकरनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "अक्का, त्यांनी तिचा हात रिकामा ठेवलाय. नुसता तुझ्या डोक्यावर ठेवलाय, आशीर्वाद दिल्यासारखा." त्याच दिवशी त्यानं नोकरी सोडली. फ्लेक्स मात्र पावसाळाभर राहिला.

तेराव्यानंतर त्याच क्लासनं शोकसभा ठेवली. रेखा म्हणाली, जायचं नाही. प्रकाश म्हणाला, पोरं येणार आहेत, त्यांच्यासाठी जाऊ. गेलो. हॉलभर एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलंमुली. प्रत्येक खुर्चीवर गुलाबाच्या पाकळ्या, आणि पाकळ्यांखाली प्रवेशाचं पत्रक. दाराशी चौकशीचं टेबल मांडलेलं. स्टेजवर सुधाकरच्या टायवाल्या फोटोशेजारी तेच चित्र होतं, पुस्तकवालं, सोनेरी चौकटीत, झेंडूचा हार घातलेलं. संचालक बोलताना मध्येच रुमालानं डोळे टिपत होते आणि टिपताना रुमालाच्या वरून कॅमेरा चालू आहे ना, ते बघत होते. प्रकाश माझ्या कानाशी म्हणाला, "बिस्किटवाला आठवला का?"

घरच्यांनी दोन शब्द बोलावेत, असं कुणीतरी म्हणालं. मी वर गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. चित्राकडे बोट करून म्हणाले, "ही माझी आई. आणि ही समोर बसलेली मी. आई माझा अभ्यास घेत नाहीये. ती माझ्या डोक्यातल्या उवा काढते आहे. लई उवा होत्या मला. सुधाकरनं तिच्या हातात फणी काढली होती, ती इथल्या लोकांनी पुसली."

मग मागच्या रांगेतली एक मुलगी फसकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग अख्खा हॉल हसायला लागला, पोटातून, खुर्च्या हलवत. त्यातल्या कितीतरी पोरींच्या आयांनी हेच केलं असणार, आणि त्या आया गावाकडे होत्या... हसता हसता काही जणी रडत होत्या. संचालक माईक मागत होते. मी हार काढून ठेवला, चौकट उचलली आणि खाली उतरले. कुणी अडवलं नाही.

पण हा विजय वगैरे नाही. दुसऱ्या आठवड्यात क्लासचा माणूस रेखाकडे आला. सरांच्या चित्रांचं कॅलेंडर काढायचं आहे, म्हणाला. रेखानं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. पुस्तकवालं चित्र आजही त्यांच्या पत्रकांवर असतं. परवा माझ्याच शाळेच्या फाटकात एक पत्रक पायाखाली आलं. उचललं, आणि हात धुवावेसे वाटले.

ग्रुपवर आता सकाळी काहीच येत नसे. मागच्या सोमवारी अचानक प्रकाशचं चित्र आलं. जन्मात पेन्सिल न धरलेला माणूस, आडतीतल्या कुठल्यातरी कागदावर बॉलपेननं काढलेलं. विहिरीसारखं एक वर्तुळ आणि काठावर पाय फुटलेला भोपळा.

'ही बकरी का?' मी विचारलं.

'सुध्या हाय. बिलोलीत मामाच्या हिरीवर. भिऊन उडी मारत न्हवता.'

'उडी तू मारत नव्हतास. तो तर पाण्यात होता, तुला हाका मारत होता.'

बराच वेळ तो लिहितो आहे एवढंच दिसत राहिलं. मग आलं,

'हाव, मीच होतो. पण काढाया बसलो की त्योच येऊन राहिलाय, अक्का.'