बोर्डावरची बहीण

मी एका कंपनीची डायरेक्टर आहे असं सांगितलं की आमच्या दापोडीच्या गल्लीत आजही लोक हसतात. सुरुवातीला तर शेजारीण दारातून ओरडायची, "डायरेक्टर बाई, नळाला पाणी आलंय, भरा आधी." मीही तिला सोडायची नाही. चाकणला वायरिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं मी माल तपासते, तिथं सुपरवायझरही माझ्याशी जपून बोलतो. माझं तोंड तिखट आहे, ते मला माहीत आहे. पण ही गोष्ट सांगताना ते तोंड कुठं चालत नाही.

कंपनी माझ्या भावाची. त्यानं चांदीची शाई केली होती. चांदीचे कण इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. ती शाई प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर छापायची, मग तिच्यातून वीज खेळते. फिल्म गाडीच्या सीटखाली बसवली की वर माणूस बसलाय की नुसती पिशवी ठेवलीय हे गाडीला समजतं. हे मी इतक्या लोकांना समजावलंय की आता पाठ झालंय.

आई गेली तेव्हा तो सहावीत होता आणि मी लग्नाची. वडील कारखान्यात पाळीवर, म्हणून त्याचं सगळं मीच बघितलं. कुठल्या शाळेत घालायचं, ताप किती चढला की डॉक्टरकडे न्यायचं, कुठल्या मित्राला उंबऱ्याबाहेरच ठेवायचं, सगळं मी ठरवायचं आणि त्यानं ऐकायचं. तो कुरकुर करायचा, पण ऐकायचा. कंपनी काढताना निदान दोन डायरेक्टर लागतात असं कळलं, तेव्हा तो सरळ माझ्याकडे आला. मी म्हटलं, "अरे, मी बारावी नापास बाई." तो म्हणाला, "सही येते ना? मग झालं." मी भाकरी थापत होते. हात धुतले आणि सही केली.

पुढं आणखी दोन डायरेक्टर आले. एक कुरुळीचे काका. त्यांनी आपल्या जमिनीवरची शेड कंपनीला दिली आणि बदल्यात बोर्डावर बसले. दुसरे मुंबईचे साहेब, पैसे लावणाऱ्या फंडानं नेमलेले. ते कायम भिंतीवरच्या स्क्रीनवर. बैठक गुरुवारी असायची, कारण गुरुवारी मला सुट्टी. साहेब इंग्रजीत आकडे सांगायचे, भाऊ उत्तरं द्यायचा, काका डुलक्या काढायचे. शेवटी मी विचारायची, शेडमधल्या पोरांचे हातमोजे बदलले का, एक्झॉस्टचा पंखा दुरुस्त झाला का. भाऊ हसायचा. म्हणायचा, "आमची ताई आली की इन्स्पेक्शन होतंच."

मागच्या उन्हाळ्यात सगळं बिघडलं. गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडं नमुने गेले होते आणि गाडी उन्हात तापली की फिल्म चुकीचं सांगायची. भाऊ पुन्हा पुन्हा शाई करायचा. घरी यायचा ते आंघोळीपुरता. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवी भोकं पाडलेली मी पाहिली. जेवायला बस म्हटलं की उभ्या उभ्या दोन घास खायचा. मग एकदा सकाळी दहाच्या सुमाराला शेडमध्येच चक्कर येऊन पडला. टेबलाचा कोपरा लागला, कपाळाला चार टाके. काकांनीच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला म्हणाले, हा माणूस थांबला नाही तर एक दिवस कायमचा थांबेल. आणि हा पलंगावर डोळे उघडतो न उघडतो तोच विचारतो, "बॅच सुकली का?" मी म्हटलं, आग लागो तुझ्या शाईला. मी ते मनापासून म्हटलं होतं.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. फार मऊ बोलले. म्हणाले, तुमच्या भावाच्या डोक्यावरचं ओझं काढूया, कंपनी चालवायला त्यांच्या जागी बाहेरचा अनुभवी एमडी आणूया, ते आरामात लॅब बघतील. आराम हा शब्द ऐकला आणि माझं ठरलं. भावाला मी काही बोलले नाही. त्याला आधी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, त्याचं बीपी वाढलं असतं. म्हटलं, आधी होऊ दे, मग घरी समजावीन. लहानपणी कडू औषध मी असंच द्यायची, नाक दाबून.

त्या गुरुवारी विषयपत्रिकेवर तो विषय होता. भावानं वाचला होता, पण चेहरा शांत होता. विषय त्याचाच असल्यामुळं मतदानापुरतं त्याला बाहेर जायला सांगितलं. डोक्याला लॅबची जाळीची टोपी तशीच होती. तो माझ्याकडं बघून नेहमीसारखा हसला आणि दार ओढून गेला.

साहेबांचं मत बदलाच्या बाजूनं. काका म्हणाले, "आमाला त्यातलं काय कळत न्हाई. पन पोरानं जीव लावलाय. ज्यानं केलं त्यालाच बाजूला सारायचं, ह्ये काय बरं न्हाई. माझं न्हाई म्हनून लिवा." मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. एकाला एक झालं होतं, आता माझ्यावर होतं. माझ्या डोळ्यांपुढं ते चार टाके होते. मी हात वर केला. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

भावाला आत बोलावून साहेबांनी निर्णय सांगितला. त्यानं विचारलं, "कसं झालं?" म्हणजे कुणाचं मत कुठं. साहेबांनी सांगितलं. तो माझ्याकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई?" मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी रे." त्यानं हजेरीच्या वहीत सही केली, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

नव्या एमडीनं चार महिन्यांत हिशोब मांडला की शाई बाहेरून तयार घेणं सोपं. लॅबला कुलूप लागलं. भावानं राजीनामा दिला आणि हिंजवडीत एका आयटी कंपनीत लागला. मारुंजीला खोली घेतली. दापोडीपासून अशी किती लांब, पण घरी यायचा बंद झाला. फोन उचलतो, तब्येत विचारतो, ठेवतो. मी अजून बोर्डावर आहे. सोडते म्हटलं तर साहेब म्हणतात, थांबा, प्रक्रिया असते. हातमोज्यांचं विचारावं असं आता वाटत नाही.

गेल्या महिन्यात न राहवून मी सुकटीची चटणी आणि भाकरी घेऊन मारुंजीला गेले. त्यानं दार उघडलं. अंगानं भरला होता. गालांवर तेज आलं होतं. बीपी नॉर्मल आहे म्हणाला, आठ तास झोपतो म्हणाला. मला जे हवं होतं ते सगळं त्याच्या अंगावर दिसत होतं. मी खोलीभर नजर फिरवली. एक कागद नाही, एक बाटली नाही, शाईचा डाग नाही. त्यानं निमूटपणे जेवण केलं, चटणी छान झालीय म्हणाला. मी म्हटलं, "बाबा रे, भांड माझ्याशी. शिव्या दे. पण असा पाहुण्यासारखा वागू नकोस."

त्यानं ताट उचलून मोरीत ठेवलं. मग म्हणाला, आवाज जराही न चढवता, "भांडण नाही गं. मला एवढंच सारखं आठवतं, त्या दिवशी मला बाहेर काढलं ना, तेव्हा मी वॉचमनशी क्रिकेटच्या गप्पा मारत होतो. तो म्हणाला, साहेब, तुम्हाला टेन्शन नाही का? मी म्हटलं, कसलं टेन्शन, माझी ताई आहे आत."