कुंदाचा हिवाळा

कुंदा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्यानं, मनोहररावांनीच केला. "ताई, ती गेली," एवढंच म्हणाले. फोन तसाच हातात राहिला असावा, कारण प्रतापनगरातल्या त्यांच्या घरातल्या कूलरची घरघर मला कितीतरी वेळ ऐकू येत होती... त्याला आता दोन महिने होत आले. धाकट्या बहिणीवर थोरलीनं असं लिहायचं, हे उलटं आहे आणि मला त्याचा राग येतो.

मनोहरराव शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्नानंतर त्यांनी कुंदाला जुन्या इंग्रज चित्रकारांचं एक जाडजूड पुस्तक दाखवलं. त्या लोकांनी ऋतूंना बायकांची रूपं दिलेली. वसंत म्हणजे फुलं माळलेली तरुणी, उन्हाळा गव्हाची पेंढी घेतलेली भरल्या अंगाची बाई, शरद फळांची टोपली सांभाळणारी प्रौढा, आणि हिवाळा म्हणजे शेकोटीशी शाल पांघरून बसलेली म्हातारी. तशी चार चित्रं कुंदाची काढायची, त्या त्या वयात, असं नवराबायकोनं ठरवलं. पहिल्यात गुलाबाऐवजी पळस आला. उन्हाळ्याला मात्र कुंदा अडून बसली. तिकडच्या बाया बसत असतील उन्हात, आपल्या नागपुरात कोण बसतं, म्हणून ती कूलरसमोर बसली आणि चक्क झोपली. मनोहररावांनी झोपलेलीच काढली. शरदात तिच्या मांडीवर सीताफळं होती. मी चिडवायचे, आता लवकर केस पांढरे कर, म्हणजे सुटशील.

केस पांढरे व्हायच्या आधीच औषधांनी गेले. मग एका सकाळी ती शाल पांघरून आपणच खुर्चीत येऊन बसली. मी तिथेच होते.

"काढा ना जी आता. काहून थांबून राहिले?"

मनोहरराव जागचे हलले नाहीत. तू म्हातारी झाल्यावर काढीन, म्हणाले. ती रागावली, मग रडली... चौथं चित्र बाकी आहे तोवर ती जाणार नाही, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं. तिचं मागणं राहून गेलं, आणि ती थांबलीही नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. कोरा कॅनव्हास लावलेला होता. तुमचा चेहरा तिच्यासारखा आहे, केसही पांढरे आहेत, थोडं बसाल का, असं अगदी संकोचून विचारलं. मी तिची शाल घेऊन बसले. ते बराच वेळ पाहत राहिले. कोळशानं एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. शेवटी हात खाली सोडला.

"नाही ताई. हे तुमचं म्हातारपण आहे. तिचं मले दिसूनच नाही राहिलं."