नायक, खलनायक आणि बाबांचे मित्र

बारावीला आम्हाला एक जुनी इंग्रजी शोकांतिका होती. एक शूर सरदार राजा होण्याच्या हव्यासापायी आपल्या म्हाताऱ्या राजाला झोपेत मारतो आणि मग जवळच्या मित्रालाही मारेकरी घालून संपवतो. बाईंनी घरून लिहून आणायला सांगितलं होतं, या नाटकातल्या नायक-खलनायकांची तुलना करा.

संध्याकाळी मी लिहीत होते आणि बाबा समोर चहा घेत होते. आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच. त्याच वर्षी बाबा पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये फोरमन झाले होते. त्या एका जागेसाठी त्यांचे एक जुने मित्रही रांगेत होते. दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, प्लांटमध्ये लागलेही बरोबरच. मी त्यांना काका म्हणायचे; ते रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे. बाबांना बढती मिळाली आणि काकांचं येणं थांबलं. बाबांनी साहेबांचे कान भरले, असं मिलमध्ये लोक म्हणत. खरं काय ते मला कधीच कळलं नाही.

"काय लिहून राहिली?" बाबांनी विचारलं.

मी गोष्ट सांगितली.

"दोस्ताले कावून मारलं?"

"मित्राला आपला संशय आलाय, असं सरदाराला वाटत होतं म्हणून."

"तो दोस्त बोलला होता का तसं?"

"तोंडावर नाही. मनातच ठेवलं त्यानं."

"मंग यात खलनायक कोण?"

"तो सरदारच. आणि नायकही तोच, बाबा. सुरुवातीला सगळ्यांत शूर तोच असतो."

"शेवटी कोण राहते त्याच्याजवळ?"

"कोणीच नाही. बायकोपण मरते." बोलून गेल्यावर मला कसंतरीच झालं. बाबा कप विसळायला उठले.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "चाल, जुनवानीले जाऊन येऊ." काका तिथे राहायचे. आम्ही स्कूटरवर गेलो. काकांनीच दार उघडलं.

"या ना साहेब," ते म्हणाले.

आजवर ते बाबांना 'अबे' म्हणूनच हाक मारत आले होते. काकूंनी ट्रेमधून चहा-बिस्किटं आणली. माझ्या अभ्यासाचं, उन्हाचं बोलणं झालं. मग बाबा एकदम म्हणाले, "तुह्याबद्दल मी साहेबाजवळ काहीच बोललो नाही बे."

काकांनी बशी खाली ठेवली. "मी विचारलं का तुमाले?"

बाबांनी उरलेला चहा संपवला. आम्ही उठलो. काकू फाटकापर्यंत आल्या, काका आले नाहीत. वाटेत बाबांनी स्कूटर हळू चालवली. मी मागे त्यांच्या खांद्याला धरून बसले होते.

काही वर्षांनी काका रिटायर होऊन गावी गेले. जाताना भेटायला आले नाहीत. बाबांना ते मिलमधल्या कुणाकडून तरी कळलं. मी तेव्हा रायपूरला होस्टेलमध्ये होते. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं आणि मग विचारलं, "रविवारी येऊन राहिली का?"

परीक्षा जवळ आली होती, तरी मी गेले. त्यांनी वांग्याची भाजी केली होती, तिखट जरा जास्तच झालं होतं. जेवून ते पलंगावर आडवे झाले आणि मी खुर्चीत वाचत बसले. त्यांना झोप लागलीय असं वाटायचं. पण मी पाणी प्यायला उठले तरी ते डोळे उघडून बघायचे. मी परत येऊन बसले की पुन्हा मिटून घ्यायचे.