बबनभाऊंचा फोन बंद

आमच्या आणि बबनभाऊंच्या घरामध्ये कंपाउंडची एक भिंत आहे, छातीइतकी. अशा भिंतीपलीकडचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मी कान लावून बसते असं आमचे हे म्हणतात. बसते. अमडापुरात दुपारचं दुसरं काय ऐकायचं?

बबनभाऊ घरं बांधायचे ठेके घेतात. अमडापूर, धाड, लोणार अशी तीन ठिकाणी कामं, बावीस माणसं, आणि सगळ्यांचं डोकं बबनभाऊंच्या खिशातल्या फोनमध्ये. वाळू आली, फोन. वाळू नाही आली, तरी फोन.

दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि बजावलं, "लांबवू नका. आणि ऑपरेशननंतर महिनाभर फोन नाही, कामाचा विषयच नाही. दिवसाला किती फोन येतात तुम्हाला?"

बबनभाऊ तोंड उघडणार तेवढ्यात खिशात वाजला.

"साहेब," ते म्हणाले, "हा धरून सांगू का सोडून?"

*

घरी येऊन त्यांनी ठरवलं, आपल्याला जेवढं येतं तेवढं सगळं रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचं. मग आपण असो नसो, काम चालेल. ते सांगणार, त्यांची बायको सुनंदा लिहिणार. मी शेंगा फोडत भिंतीशी बसलेली.

"लिही. काँक्रीटचा माल मुठीत धरायचा. कळते."

"काय कळते?"

"बरोबर हाये का नाही ते."

सुनंदाने लिहिलं. पुढे म्हणाले, "फरशी ठोकून पाह्यची. आवाजावरून कळते. विटा गाडीतून उतरतानाच पाह्यच्या. पाहून कळते."

तीन पानं झाली. सुनंदाने पेन खाली ठेवलं.

"हे वाचून कौतिकले काय कळंन?"

कौतिक म्हणजे त्यांचा मोठा मिस्त्री, अठरा वर्षं सोबत असलेला. बबनभाऊंनी रजिस्टर हातात घेतलं, पहिल्यापासून वाचलं आणि म्हणाले, "मलेच काही कळून नाही राह्यलं."

*

मग ट्रायल घ्यायची ठरली. आठ दिवस फोन बंद. काम कौतिकने बघायचं, अडलं तरी विचारायचं नाही.

पहिल्याच दिवशी कौतिकचा फोन मला आला. "ताई, भाऊले सहज इचारा ना, लोणारच्या जिन्याले पायरी किती इंचाची धरू? माहं नाव नका घेऊ."

मी भिंतीवरून विचारलं. "भाऊ, सहज विचारते हं, जिन्याची पायरी किती इंचाची बरी?"

"सहा. काऊन?"

"गुडघे दुखतात ना माझे."

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या लिंटलची सळई विचारली, तिसऱ्या दिवशी टाकीचा उतार. चौथ्या दिवशी बबनभाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या घरी काय बंगला चालू हाये का?" पण सांगितलं मात्र सगळं. माणसाला विचारलेलं आवडतं.

आठ दिवस संपले. बबनभाऊ गल्लीभर सांगत फिरले, "एक फोन नाही आला मले. काम चालू हाये." त्याच भरवशावर त्यांनी ऑपरेशनची तारीख घेतली.

मला जेवण जाईना. उद्या हा माणूस टेबलावर असेल आणि कौतिक मला विचारेल. मी काय सांगणार त्याला? शेवटी सुनंदाला खरं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"ताई, कौतिकजवळ तुमचा नंबर नसता तं बरं झालं असतं."

बबनभाऊंना कळलं तसे ते म्हणाले, "तारीख पुढं ढकलतो." सुनंदा नुसती उठली आणि डॉक्टरांच्या कागदांची पिशवी त्यांच्या मांडीवर आणून ठेवली.

*

त्याच संध्याकाळी सुनंदाने कौतिकला घरी बोलावलं. "एवढा जुना मिस्त्री तू. मनानं एक गोष्ट काऊन ठरवत नाहीस?"

कौतिक खाली बघत म्हणाला, "धाडले एकदा ठरवली होती वहिनी. मनानं भिंत बांधली. भाऊनं पायानं पाडली."

"वाकडी होती बे ती," बबनभाऊ म्हणाले.

"होती. पण चार माणसायदेखत पाडली."

मग बबनभाऊंनी विचारलं, "चहा घेतो का?" अठरा वर्षांत त्यांनी मागितलेली तेवढीच माफी.

*

ऑपरेशनपर्यंत राहिलेले पंधरा दिवस सुनंदाने त्यांना इथल्याच साइटवर नेलं, पण खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. मागे कौतिक फरशी बसवतोय, बबनभाऊ येणारे-जाणारे ट्रॅक्टर मोजताहेत. मी डबा घेऊन गेले होते.

मागून ठोकल्याचा आवाज आला. बबनभाऊंची मान वळली.

"ती तिसरी पोकळ—"

"ट्रॅक्टर पाहा," सुनंदा म्हणाली.

त्यांनी रुमाल तोंडात धरला. कपाळाला घाम आला, मला त्यांच्या छातीचीच काळजी. मागे कौतिकने पुन्हा ठोकलं. थांबला. मग फरशी उचलल्याचा आवाज आला.

बबनभाऊंनी रुमाल काढला. "पाणी देजा," एवढंच म्हणाले.

*

ऑपरेशनची तारीख आणि लोणारच्या स्लॅबची तारीख एकच आली. बबनभाऊंनी वीस वर्षांत ठरलेला स्लॅब एकदाही पुढे ढकलला नव्हता. गावात त्यांचं नाव होतं ते त्याच्यावरच.

सुनंदाच्या सोबतीला मी दवाखान्यात गेले. ते आत गेले आणि आम्ही दोघी दोन फोन घेऊन बाकावर. दोन्ही फोन गप्प. फोन येत नाही म्हणजे चांगलं का वाईट? मी दोनदा जिन्यात जाऊन रेंज बघितली. सुनंदा म्हणाली, "ताई, स्लॅब बसला असता तं कोणीतरी सांगितलं असतं ना?" बसला म्हणजे कोसळला. मी म्हटलं, "असं बोलू नको."

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी बोलता आलं तसं पहिलं वाक्य, "स्लॅब?"

नर्सची पाठ वळल्यावर सुनंदाने फोन लावून त्यांच्या कानाशी धरला, स्पीकरवर.

"भाऊ, त्या दिवशी नाही टाकला," कौतिक म्हणाला. "मिक्सर उभा होता, मालकाचे पाहुणे आले होते, तो ओरडून राह्यला होता. पण एका कोपऱ्यातले सेंट्रिंगचे टेकू खचत होते, खाली काळी माती. सगळ्यायले जेवू घातलं अन् घरी धाडलं. काल टेकू बदलले. आज टाकून राह्यलो."

बबनभाऊंचा चेहरा पांढरा पडला. सुनंदाने त्यांचा हात धरला.

"कौतिक," ते हळू म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट. वहिनीले तरी फोन करायचा. मले काऊन नाही इचारलं?"

पलीकडे मिक्सरची घरघर.

"तुम्ही 'टाक' म्हटलं असतं, भाऊ. ठेवतो आता, माल येऊन राह्यला."