भाजलेलं बी

राखेचा आणि सुक्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास एकत्र आला, की मला दर्यापूरच्या घरातले आईचे वाटाण्याचे मडके आठवते. जांभळ्या फुलांच्या त्या वाटाण्याचे बी तिने माहेरून आणले होते आणि गावात ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते. साठ सालच्या आसपास, दसऱ्यानंतर, शेजारच्या काकूंनी ते मागितले. आईने ओंजळभर दिले, तर काकूंनी एक दाणा हुंगला आणि दाताखाली धरला. बी उगवू नये म्हणून भाजून देणाऱ्या बायकाही असत. "काहून वं, भाजून तं नाई देल्ले?" त्यांनी विचारले. "भाजले असते तं संगं मीठ देलं असतं," आई म्हणाली, आणि वर्षभर त्यांच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलली. पुढच्या वर्षी आमच्या मडक्यात भुंगे झाले, एकही दाणा धड उरला नाही. माहेरचे बी आता फक्त काकूंकडे होते. आई मान खाली घालून त्यांच्याकडे गेली. काकूंनी तिच्या पदरात बी ओतले. घरी येताच आईने दार लोटले, एक दाणा हुंगला आणि दाताखाली धरला. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाली, "मीठ नाई देलं तिनं." तरी कोंब दिसेपर्यंत ती रोज वाफा उकरून पाहत होती. परवा, आईचे तेरावे झाल्यावर, काकूंची सून तेच बी मागायला आली. मी मडक्यातून ओंजळभर काढून दिले. तिने एक दाणा नाकाशी नेला. आईचे ते उत्तर माझ्या ओठांवर आले, पण मी मडक्यातला एक दाणा उचलून स्वतःच्याच दाताखाली धरला.