खंडेनवमीला चालू ठेवलेला लॅपटॉप

इनामदार वकिलांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवलाच नाही. सरळ माझ्या कानाला लावला आणि म्हणाले, "ऐका."

आतून कट् कट् असा आवाज येत होता. जरा थांबायचा, परत कट् कट्.

"पंख्यात काहीतरी अडकलं असणार," वकील म्हणाले.

"पंखा नाही साहेब. हार्ड डिस्क जायला लागलीय."

हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. तुम्ही जे लिहिता, जे फोटो ठेवता, ते सगळं तिच्यात असतं. आत एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक काटा सरकत वाचत जातो. तो काटा जागा चुकायला लागला की असा आवाज येतो. अशी डिस्क कधी महिनाभर चालते, कधी संध्याकाळपर्यंतही नाही. एवढं मात्र नक्की, की ती जितकी फिरेल तितकी लवकर जाणार.

त्या काळात मी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त करायचो. मालक वीरण्णा. राहायला मी कमरीपेठेत. हुबळीत तेव्हा लॅपटॉपवाली माणसं मोजकीच होती, आणि ज्याच्याकडे लॅपटॉप तो आमच्याशी साहेब होऊनच बोलायचा. आम्ही सांगायचं, त्यांनी ऐकायचं नाही, आणि मग बिघडलं की आमच्याच नावानं ओरडायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी घरी गेलो की बायको विचारायची, "आज कोणाची बोलणी खाल्ली?" जेवलात का हे नंतर.

"आत महत्त्वाचं काय आहे?" मी वकिलांना विचारलं. हे मी प्रत्येकाला विचारतो.

वकिलांनी मागं वळून पाहिलं. दाराशी चपला काढून एक बाई उभी होती. दुकानात चपला काढायची गरज नव्हती, पण ती काढून उभी होती. अळणावरजवळच्या एका खेड्यातली, नाव तुळसाक्का. तिचा मुलगा परशा दुसऱ्याचा टेंपो चालवायचा. धारवाडच्या रस्त्यावर त्याच्या टेंपोची आणि एका ट्रकची समोरासमोर धडक झाली आणि ट्रकमधला क्लीनर गेला. पोलीस म्हणत होते, टेंपो चुकीच्या बाजूला होता. परशाचा पाय मोडलेला, डोक्यावर कोर्टाची केस, सुटला नाही तर तुरुंग. गाड्या हलवल्यानंतर पंचनामा झाला होता, त्यामुळे कोण कुठल्या बाजूला होतं हे सांगायला कागदावर काहीच नव्हतं.

पण वकिलांचा पुतण्या योगायोगानं त्याच रस्त्यानं येत होता. त्याच्याकडे नवा डिजिटल कॅमेरा. गाड्या हलवायच्या आधी त्यानं फोटो काढले आणि काकांच्या लॅपटॉपवर टाकले. मग गोव्याला जायचं म्हणून कॅमेरा मोकळा केला. म्हणजे आता ते फोटो जगात एकाच ठिकाणी होते, आणि तिथून कट् कट् आवाज येत होता.

"अण्णा," तुळसाक्का मला म्हणाली, "माझ्या परशाचे फोटू हाईत न्हवं त्यात?"

"आहेत आक्का. काढू आपण."

मी वकिलांना स्पष्ट सांगितलं. या मापाची नवी डिस्क बेंगळूरहून मागवावी लागेल. तोपर्यंत लॅपटॉप इथंच राहू दे. बटण अजिबात दाबायचं नाही.

"इथं कसा ठेवू? परवा खंडेनवमी. वस्तू घरात नको पूजेला?"

"साहेब, एक वर्ष नाही झाली पूजा तर..."

वीरण्णांनी गल्ल्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते कन्नडमध्येच बोलायचे, मी मराठीत सांगतो. "तुझ्या स्क्रू ड्रायव्हरची पूजा होणार, टेबलाची होणार, आणि त्यांच्या मशीनची नको? नेऊ दे की."

आमच्याकडे आयुधपूजा म्हणजे चेष्टा नव्हे. सायकलपासून क्रेनपर्यंत सगळ्याला झेंडूचा हार आणि हळद-कुंकू. मी म्हटलं, "न्या. पण बंद ठेवून पूजा करा. चालू करू नका." वकील हो हो म्हणाले. गिऱ्हाईक दोनदा हो म्हणालं की मला धडकी भरते.

दसरा झाला, डिस्क आली, लॅपटॉप आला. उघडला तर कीबोर्डच्या फटींत अक्षता, पडद्याच्या कडेला कुंकू, आणि झाकणावर हळदीचं गंध वाळून पापुद्रा झालेलं. मी ब्रश घेऊन बसलो.

"चालू केला होता का?" मी विचारलं.

"अहो, बंद मशीनची पूजा कसली?" वकील म्हणाले. "घरच्यांनी पडद्यावर गणपती लावला होता. सकाळपासून चालू. छान दिसत होता."

बोलून काय होणार होतं? काठावरची डिस्क, आणि हिला सणाच्या दिवशी सकाळपासून पळवलेली.

नवी डिस्क बसवणं हे काम खरं तर सोपं. लॅपटॉप पालथा घालायचा, बॅटरी काढायची, खालचं झाकण काढून जुनी डिस्क बाजूला ओढायची, नवी सरकवायची. पण ती नीट आत बसेना. टॉर्च मारून बघतो तर तिच्या जागेत, अगदी जोडणीच्या पिनांपाशी, एक अक्षत. चिमट्यानं काढली. मग बसली.

त्यानंतर विंडोज घातलं. जुनी डिस्क एका डबीत घालून केबलनं दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडली आणि जे दिसलं ते उचलायला लागलो. ती चालायची, अडायची, गप्प व्हायची. मी बंद करून गार होऊ द्यायचो, परत लावायचो. आजारी माणसाला भरवतात तसं. माय डॉक्युमेंट्सचा सगळा फोल्डर आला तेव्हा माझी पाठ मोडून आली होती. लॅपटॉप वकिलांच्या हातात दिला आणि घरी जाऊन आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच वकील हजर. मागं तुळसाक्का.

"फोटो कुठं आहेत?"

"होतं ते सगळं टाकलंय साहेब."

"परशाचे फोटो नाहीत त्यात. तुम्ही घालवले."

मी बघितलं. वकिलांच्या नोटिसा होत्या, पुतण्यानं काढलेले मुंजीचे फोटो होते, गोवा होता. अपघाताचा एकही फोटो नव्हता. वीरण्णा उठून आले. मला वाटलं माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "माफी माग आणि काय करायचं ते कर."

माफी कशाची मागू? मी काही घालवलेलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण तुळसाक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या हातांकडे बघत होती, त्यांच्यातून आता काहीतरी निघेल म्हणून. मला सगळ्याचाच वीट आला त्या क्षणी. या धंद्याचा, वकिलांचा, स्वतःचासुद्धा.

"साहेब, पूजेच्या दिवशी मशीनला कोणी हात लावला होता?"

"कोण लावणार? आमच्याकडे वहिनी तुमच्या, आणि मी."

"वहिनींना फोन लावा."

वकिलांनी कुरकुरत दुकानाच्या फोनवरून विद्यानगरला घरी लावला आणि माझ्याकडे दिला. वहिनी आधी म्हणाल्या, नाही बाई, मी कशाला हात लावू. मग हळूच म्हणाल्या, "ते जवळ आहेत का?"

"तुम्ही बोला वहिनी."

"अहो जाधव, काय सांगू. गणपती लावला, हार घातला, आरतीला सुरुवात केली, आणि पडदा आपोआप बदलला. एकेक फोटो यायला लागला. मुंज आली, गोवा आला, आणि मग तो चेपलेला टेंपो, काचा, रक्त. आरती चालू असताना, सणाच्या दिवशी. आरती झाल्यावर बसून ते सगळे काढून टाकले. डिलीट म्हणून बटण आहे की त्यावर. मला वाटलं कॅमेऱ्यात असतीलच."

कॉम्प्युटर जरा वेळ नुसता राहिला की पडद्यावर स्वतःहून चित्रं फिरवतो. त्याला स्क्रीनसेव्हर म्हणतात. पुतण्यानं तो फोटो फिरवण्यावर लावून ठेवला होता. वहिनींचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. आरतीत रक्त आल्यावर आमच्या आईनंही तेच केलं असतं.

"वहिनी, नंतर कचऱ्याची टोपली रिकामी केलीत का? रिसायकल बिन?"

"ते काय असतं?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

डिलीट केलेली वस्तू लगेच जात नाही. एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते, नाव बदलून. मी माय डॉक्युमेंट्स उचललं होतं, ती टोपली नाही. म्हणजे फोटो होते, पण जुन्या डिस्कमध्ये. आणि ती डिस्क कालच शेवटच्या घटका मोजत होती.

ती ड्रॉवरमधून काढली, परत डबीत घातली, केबल लावली. कट् कट् कट्. दिसेना. काढली, उभी धरली, लावली. दिसली. लपलेला फोल्डर उघडला तर आत फोटो, ओळखू न येणाऱ्या नावांचे. मी सगळे एकदम ओढायची घाई केली नाही, एकेक घेत गेलो. बरेचसे अर्धे आले, वर आभाळ आणि खाली नुसता करडा पट्टा. एकात क्लीनरचा पाय होता, तो मी पटकन बंद केला. मग एक पूर्ण आला. टेंपो, ट्रक, आणि मधे रस्त्याचा पांढरा पट्टा. टेंपोची चारही चाकं पट्ट्याच्या डाव्या बाजूला. ट्रकचं तोंड पट्टा ओलांडून आलेलं.

पुढचा फोटो ओढताना डिस्क थांबली. परत कधी फिरली नाही.

"मी सांगत हुते न्हवं," तुळसाक्का म्हणाली, "डाव्या अंगानंच चालवत हुता माझा पोरगा." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. वकील खिडकीबाहेर बघत राहिले. वीरण्णांनी चहा सांगितला.

फोटो मी लॅपटॉपवर टाकला आणि सीडीवर उतरवला. वकिलांना म्हटलं, "ही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. घरी कपाटात ठेवा." वकील हो हो म्हणाले.

"मला बी एक द्या," तुळसाक्का म्हणाली.

"आक्का, तुमच्याकडे कुठं कॉम्प्युटर?"

"नसू दे. माझ्या पोराचा जीव हाय त्यात."

दिली. सांगितलं, चमकणाऱ्या बाजूला बोट लावायचं नाही, उन्हात ठेवायची नाही. तिनं मान हलवली.

केस आपल्या चालीनं चालली. पुढचा दसरा गेला, नंतरचाही. वकिलांनी फोटोचा प्रिंट कोर्टात दिला. समोरचा वकील म्हणाला, प्रिंट कॉम्प्युटरवर बनवलाय, मूळ दाखवा. त्याच सुमाराला इनामदार वकिलांची बॅग हुबळी-धारवाड बसमधून चोरीला गेली. लॅपटॉप गेला. सीडीही गेली, कारण ती बॅगेतच होती.

वकील दुकानात येऊन बसले. पहिल्यांदाच आवाज न चढवता बोलले. "जाधव, तुमच्याकडे काही?"

माझ्याकडे काही नव्हतं. गिऱ्हाइकांचं सामान आम्ही ठेवून घेत नाही.

निरोप गेला तशी तुळसाक्का पहिल्या बसनं आली. चपला दाराबाहेर काढल्या. खणाच्या कापडात गुंडाळलेली सीडी तिनं काउंटरवर सोडली. इतके दिवस ती देव्हाऱ्यात होती. दर शुक्रवारी पूजा, आणि खंडेनवमीला परशाच्या पान्यांच्या शेजारी. वरच्या बाजूला हळद-कुंकवाचे इतके थर बसले होते की मी लिहिलेली अक्षरं दिसेनात. म्हटलं, झालं, हीपण गेली.

सीडी उलटी केली. चमकणारी बाजू आरशासारखी स्वच्छ होती. एक बोट नाही, एक ओरखडा नाही.

"तुम्हीच सांगितलं हुतं न्हवं," ती म्हणाली.

वरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं, सीडी घातली. फोटो उघडला.

ती सीडी कोर्टात दाखवली आणि परशा सुटला. आता तो स्वतःचा टेंपो चालवतो, जरा लंगडत चढतो एवढंच. मी या धंद्यात म्हातारा झालो. बंद ठेवा, वेगळं ठेवा, दुसरी प्रत काढा, हे सांगून सांगून माझा घसा बसला. सांगितलेलं तसंच्या तसं ऐकणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं, आणि तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता.