सैल राहिलेली पट्टी

बेसमेंटमध्ये टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीवर, मी क्रूस कापत होते, तेव्हा पप्पांनी मला पहिल्यांदा दादा म्हणून हाक मारली. दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, माझे काका. ते वसईला वारले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

क्रूस आमच्या मराठी मंडळाचा होता. टोरांटोच्या पश्चिमेला आम्ही राहतो तिथे वसईची बरीच कुटुंबं आहेत, त्यातली निम्मी तर आमच्याच गावची. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शनिवारी आम्ही मराठीतून क्रुसाची वाट करतो, म्हणजे क्रूस खांद्यावर घेऊन चौदा थांब्यांवर प्रार्थना. जुना क्रूस एकाच बोल्टवर होता. आदल्या वर्षी तो नेताना आडवी फळी फिरली आणि मागच्या माणसाच्या कानावर बसली. मीटिंगमध्ये मी म्हटलं, नवा मी करते. कुणी हरकत घेतली नाही, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं.

सॉ मी घरामागचा लाकडी डेक बांधायच्या वेळी सेकंडहँड घेतला होता. वसईला आमचा सुतारकामाचा कारखाना होता, पण तिथे मुलींना मशीनजवळ फिरकू देत नसत. इथे आल्यावर मी व्हिडिओ बघून आणि थोडं लाकूड वाया घालवून शिकले. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायच्या खात्यात माझी नोकरी आहे. पाहिलं, मोजलं, पुन्हा पाहिलं, याची सवय आहे.

क्रुसाचा सांधा सोपा असतो. दोन लाकडं, दोघांतही अर्ध्या जाडीची खाच, एकमेकांत बसवली की वरून सपाट. खाच पाडायला एक खास रुंद पातं मिळतं, पण माझ्या सॉचा दांडा आखूड, त्यावर ते बसत नाही. म्हणून साधंच पातं. ते अर्ध्या जाडीइतकंच वर ठेवायचं, खाचेच्या दोन्ही कडा आधी कापून घ्यायच्या आणि मग मधलं लाकूड थोडं थोडं सरकवत, फेरीमागून फेरी, खात जायचं. वेळखाऊ आहे, अवघड नाही.

पप्पा आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, आमच्याकडे आहेत. त्यांची आठवण गळत चालली आहे. बहुतेक वेळा मी त्यांची 'बाय', म्हणजे लेक असते, कधी नर्स असते. बेसमेंटच्या दाराला मी कुलूप लावते. त्या दिवशी मी आत होते, म्हणून दार उघडं होतं.

ते जिना उतरून आले ते सरळ सॉकडे. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मशीन बंद केलं. सॉवर एक लांब लोखंडी पट्टी असते, पात्याला समांतर. लांबीत लाकूड चिरायचं असेल तेव्हा ते तिला टेकवून पुढे ढकलतात. मला त्या दिवशी तिची गरज नव्हती, मी ती एका टोकाला सारून ठेवली होती. पप्पांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. एकदा, दोनदा. हलत नाही अशी खात्री करून घेतली आणि मग माझ्याकडे वळले.

"किती उचललंस?"

"पाऊण इंच."

"सुतात सांग."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिकडचे सुतार त्यातच बोलतात. "सहा सूत," मी म्हटलं.

"लाकूड किती?"

"दोन बाय चार म्हणतात, पण भरतं दीड इंच. बारा सूत."

"मग बरोबर आहे, दादा," ते म्हणाले आणि माझ्या स्टुलावर बसले.

"पप्पा, मी तुमची मुलगी."

"हो हो. तू काप."

मी एका तुकड्यावर पाहून घेतलं. दोन्ही बाजूंनी एकेक काप दिला, मध्ये कागदाइतका पापुद्रा राहिला. पातं केसभर वर घेतलं, पापुद्रा गेला. मग खरं लाकूड लावलं. पातं एका फेरीत बरोबर एक सूत खातं. खाच साडेतीन इंचांची, म्हणजे तीसेक फेऱ्या, आणि लाकडं दोन. पप्पा बसून होते. दर फेरीला त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं मोजताहेत. मशीन बंद केल्यावर कळलं, ते मोजत नव्हते.

"तू प्यायलेला नव्हतास," ते म्हणत होते. "दादा, तू प्यायलेला नव्हतास."

एवढं ऐकल्यावर मला ते काय सांगताहेत हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या घरातली ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती. कारखाना दोघा भावांचा. एक दिवस काका दारू पिऊन मशीनवर उभे राहिले, फळी उलटी उसळली, हात ओढला गेला, करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं. त्यानंतर काकांना कुणी काम दिलं नाही. लाकडाच्या वखारीवर रखवालदार म्हणून ते शेवटपर्यंत राहिले. आमची घरं कुंपणाला कुंपण लागून, पण दोघे भाऊ बोलत नसत. काका ओट्यावर बसून तीन बोटांनी चहाचा कप धरायचे ते मी रोज पाहायची. आमच्या घरी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत, बघ, दारूनं काय होतं.

"पट्टी मी सैल सोडली होती," पप्पा म्हणाले. "माप बदलायला सोडली. कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेलो. तू आलास आणि मशीन लावलंस. मग मीच सगळ्यांना सांगितलं, तू प्यायलेला होतास."

सैल पट्टी काय करते ते मला माहीत आहे. लाकडाच्या दाबानं ती तिरकी होते, फळी पात्याला चिमटली जाते, आणि मग फळी जाते कुठे आणि हात जातो कुठे हे कुणाच्या हातात राहत नाही.

"तू बोल ना काहीतरी," पप्पा म्हणाले.

मी त्यांना वर नेलं आणि पेज दिली.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारापाशी उभे. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी आधी पट्टी ओढून बघायची, मग तेच सांगायचं, तितक्याच शब्दांत, आणि शेवटी, "तू बोल ना काहीतरी." मी दर वेळी सांगे, मी काका नाही. त्यावर ते वाट बघत राहत, जणू दादांनी अजून तोंड उघडलेलं नाही.

नवरा म्हणाला, "खाली सुतार दोन आणि भांडण तिघांचं."

"तुम्ही हसा."

"हसत नाही गं. माफ केलं म्हणून टाक. म्हातारा झोपेल तरी. तुझं काय जातंय?"

मी तसा विचार केला नाही असं नाही. चार शब्दांचं काम होतं. पण खाचेच्या तळाशी राहिलेले कंगोरे पटाशीनं काढायला बसले असताना माझं माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. लाकूड दाबताना मी शेवटची दोन बोटं तळहातात मुडपून घेत होते. हे मी कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नाही. मी ती बोटं सरळ केली. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा मुडपलेली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरी त्या दिवशी मी दिवे बंद न करताच वर आले आणि बोटं दोनदा मोजली.

काकांची मुलगी माझ्याच वयाची, अजून वसईलाच असते. लग्न-मयतीखेरीज आमचं बोलणं होत नाही. मी तिला फोन केला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुझ्या बाबांनी माफ केलं असं पप्पांना सांगू का?"

तिनं त्या दिवसापासूनच सुरुवात केली.

"राखेचा बुधवार होता त्या दिवशी," ती म्हणाली. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, त्या दिवशी कडक उपास असतो. "लग्नाकार्यात बाबा घ्यायचे, नाही कशाला म्हणू? पण राखेच्या बुधवारी? कपाळावरची राख पुसली नव्हती त्यांची. तसंच दवाखान्यात नेलं."

"मला हे माहीत नव्हतं."

"तुला कोण सांगणार? माझी दोन स्थळं मोडली, बाप दारुडा म्हणून. ते तरी माहीत आहे ना?"

ते मला माहीत होतं.

"माफीचं तू काही सांगू नकोस," ती म्हणाली. "बाबा ते कधी बोलले नाहीत. मलासुद्धा नाही. जे ते बोलले नाहीत ते तू त्यांच्या तोंडी घालणार, आणि तुझ्या बापानं घातलं ते काय वेगळं होतं?"

"मग मी काय करू?"

"ज्यांना सांगितलं होतं त्यांना परत सांगा. गाव अर्धं तिकडेच आहे ना तुमच्या?"

एवढं बोलून तिनं माझ्या मुलांची चौकशी केली, थंडी किती ते विचारलं आणि फोन ठेवला.

शनिवारी क्रूस गाडीच्या छतावर बांधून नेला. सांधा घट्ट बसला होता, कुठे फट नव्हती. पप्पांना नवऱ्यापाशी घरी ठेवलं. क्रुसाची वाट झाली, क्रूस चौदाही थांबे या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला, कुणाच्या कानाला धक्का लागला नाही. नंतर चर्चच्या खालच्या हॉलमध्ये चहा होता. लोक कामाची तारीफ करत होते. कुणीतरी म्हणालं, "बापाचा हात आहे."

ते वाक्य माझ्या उपयोगाचं होतं. मी चमचा कपावर वाजवला आणि उभी राहिले. म्हटलं, आमच्या गावच्या लोकांसाठी सांगतेय, बाकीच्यांनी माफ करावं. माझ्या काकांची बोटं गेली तेव्हा ते प्यायलेले नव्हते. मशीनची पट्टी माझ्या वडिलांनी सैल सोडली होती आणि खोटं त्यांनी सांगितलं होतं. हे त्यांनीच मला सांगितलं. आज काकांची मुलगी गावात आहे, तिच्याशी बोलताना हे लक्षात असू द्या. एवढंच.

मला वाटलं होतं कुजबुज होईल, निदान कुणी विचारील तरी. काहीच झालं नाही. लोकांनी कपांकडे पाहिलं. कुणीतरी बिस्किटांचा ट्रे पुढे सरकवला. शेवटी गावातली एक म्हातारी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, तिनं मला खुणेनं शेजारी बसवलं.

"आम्हाला ठाऊक होतं, बाय," ती म्हणाली. "राखेचा बुधवार होता. तुझा काका त्या दिवशी पाणीसुद्धा मोजून प्यायचा."

"मग तुम्ही का म्हणत होतात सगळे?"

"तुझा बाप म्हणाला म्हणून." तिनं चहात बिस्कीट बुडवलं. "गावातली दारं-खिडक्या कोण करायचं? त्याच्याशी वाईटपणा घेऊन माझ्या घराला दार कुणी लावलं असतं? आणि मग बोलून बोलून खरंच वाटायला लागलं. तो ओट्यावर बसलेला दिसला की मला तर वाससुद्धा यायचा. नसलेला. आता झोपेतही येतो."

घरी परतताना मी गाडी हळू चालवली. रस्त्यावर बर्फ नव्हता, तरी.

पप्पा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. मी कोट न काढताच त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. "पप्पा, मी सगळ्यांना सांगितलं. काका प्यायलेले नव्हते. पट्टी तुम्ही सैल सोडली होती."

"कुणाकुणाला?"

मी कोण कोण होतं ते सांगितलं. ते बोटांवर एकेक घर मोजत गेले. चेहरा उतरत गेला.

"मग आता आपल्याकडून दारं कोण करून घेणार?" ते म्हणाले.

मी म्हटलं, कारखाना केव्हाच विकला. ते ऐकल्यासारखे दिसले नाहीत.

"दादाला सांगितलंस?"

"काका आता नाहीत, पप्पा."

"ते माहीत आहे मला." हे त्यांनी इतक्या स्वच्छ, चिडक्या आवाजात म्हटलं की मी चपापले, कारखान्यात माणसांवर ओरडायचे तो आवाज. "नाही म्हणूनच तर विचारतो. असता तर विचारायची हिंमत होती का माझी? कुंपणापलीकडे बसलेला असायचा रोज. विचारलं का मी?"

नवऱ्यानं पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. ते प्यायले आणि मला म्हणाले, "नर्स, थंडी वाजते."

मी त्यांना स्वेटर घातला.

काकांच्या मुलीला मी फोन करून काय झालं ते कळवलं. मावशीचं बोलणंही सांगितलं. "मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि मी सांगितलं याबद्दल बरं किंवा वाईट काही बोलली नाही.

पप्पा अजूनही येतात. सॉ चालू झाला की जिन्यावर त्यांची पावलं वाजतात. मी काका नाही, हे मी आता सांगत नाही. हो म्हणत नाही आणि माफ केलं असंही म्हणत नाही. मशीन बंद करते, पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबते, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत ऐकत उभी राहते. ते मला बोल म्हणतात. मी बोलत नाही. काका हयातीत जितके गप्प राहिले तितकंच गप्प राहणं मला त्यांच्या वतीनं करता येतं, त्याहून जास्त नाही. मग पप्पा माझ्या तोंडाकडे बघत उठतात, कठड्याला धरून एकेक पायरी चढतात, आणि वर पोचल्यावर दार ओढून घेतात, आत कुणीतरी झोपलंय अशा बेतानं, अगदी हळू.